एक चमचा पीठ

बेलग्रेड, ३ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

पत्राची सुरुवात ‘मी बरी आहे, तूही बरी असशील’ अशी करावी हे तूच मला शिकवलंस. पण आज खोटं लिहायची माझ्यात ताकद नाही. मी बरी नाही.

काल फोनवर तुला तीनदा ओरडून सांगितलं. तीनही वेळा तू ‘हो हो, पाठवते’ म्हणालीस आणि फोन ठेवलास. कानाचं यंत्र कानात घालायचं असतं, बटाट्याच्या टोपलीत ठेवायचं नसतं. म्हणून हे लिहून, तुझ्याच रिकाम्या बरणीत घालून, रादोयेच्या बसमधून पाठवतेय. हॉस्टेलमधल्या निम्म्या मुलींच्या घरचा डबा त्याच्याच पायाशी बसून येतो, तर माझं एक पत्र त्याला जड होणार नाही.

वर्षभर माझं पोट का दुखतंय ते कळलं. विद्यार्थ्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळ्या तपासण्या केल्या. गहू कायमचा बंद, एक कणसुद्धा नाही, कारण तो माझी आतडी आतून खरवडून काढतोय. दूध आणि दुधाचं सगळं बंद. आणि कांदा-लसूण बंद. आता तू म्हणशील, मग उरलं काय? तेच मीही त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, ‘पुष्कळ आहे.’ त्या बहुधा घरी जेवत नसाव्यात.

मेसमध्ये गेले. पळीवाल्या बाईला विचारलं, सूपमध्ये पीठ आहे का? नाही म्हणाली. मग ते दाट कशानं झालंय? फोडणीनं. फोडणी कशाची? ‘पिठाची, पण एकच चमचा गं!’ बरं, दुधाशिवाय काही? ‘बुधवारी ये, उपासाचं असतं.’ बुधवारी गेले. उपासाचं म्हणजे कांद्यात बुडालेले घेवड्याचे दाणे आणि सोबत पाव. मी नुसता भात आणि एक सफरचंद घेऊन बसले. शेजारचा मुलगा म्हणाला, ‘बारीक होतेयस वाटतं?’ काटा त्याच्या हातात खुपसावासा वाटला.

तेव्हा ऐक, म्हणजे वाच. चीजचे थर लावलेली गिबानित्सा नको, चीज नको, काय्माक नको, कोबीच्या पानात कांदा-मांस गुंडाळलेला सार्मा नको. डॉक्टरीणबाईंनी दिलेलं छापील पत्रक सोबत आहे. चष्मा लावून वाच.

तुझी,
कोसारा

*

झ्लातार, ८ ऑक्टोबर

माझ्या पोरी,

मी बरी आहे. गुडघे सोडले तर.

पत्र दोनदा वाचलं. पत्रकाची अक्षरं मुंगीएवढी आहेत, ते सवडीनं बघीन. तू काळजी करू नकोस. मला सगळं समजलं आणि त्याप्रमाणेच केलंय.

गव्हाची गिबानित्सा केली नाही. मक्याची प्रोया भाकर केली. नुसता मका तुटतो, म्हणून धरून राहायला गव्हाच्या पिठाच्या दोन मुठी घातल्या आहेत, तेवढंच. दूध नको म्हणालीस म्हणून चीज नाही पाठवलं. काय्माक आहे, पण ते दूध नाही, दुधाच्या वर येतं ते. मांसाच्या रश्श्यात कांदा घातला होता, पण तीन तास शिजवून त्याचं पार मेण केलंय, शोधूनही सापडायचा नाही. शिवाय दुकानातून उपासाची बिस्किटं आणली. पाकिटावर छापलंय ‘उपासाचं’, म्हणजे दूध नाही, अंडं नाही. पाद्रीबाबासुद्धा हीच खातात.

मला तर वाटतं तू उगाच घाबरलीस. आम्ही बुधवार-शुक्रवार दुधाशिवाय राहतोच. तू सगळेच दिवस शुक्रवार केलेस, एवढंच.

बरण्या परत पाठव. झाकणांसकट. मागच्या वेळी दोन झाकणं कमी होती.

तुझी आत्या मिलुंका

*

बेलग्रेड, १५ ऑक्टोबर

आत्या,

बिस्किटं गव्हाची आहेत. उपासाची असली तरी गव्हाचीच आहेत! येशूनं चाळीस दिवस उपास केला म्हणून गव्हाचा मका होत नाही.

आणि प्रोया मी खाल्ली. माझीच चूक. मक्याची आहे असं वाचलं, दोन मुठींचं वाक्य पानाच्या मागच्या बाजूला होतं, ते वाचेपर्यंत दोन तुकडे पोटात गेले होते. मंगळवारी गणिताची परीक्षा होती. ती मी हॉस्टेलच्या संडासात बसून दिली असं समज. खोलीतली सेंका दाराबाहेरून विचारत होती, ‘रुग्णवाहिका बोलावू का?’ आणि मी आतून ओरडत होते, ‘नको, माझ्या आत्याला बोलाव!’

आत्या, शोधूनही न सापडणारा कांदा हा कांदाच असतो. काय्माक हे दूधच असतं. दोन मुठी म्हणजे दोन मुठी, शून्य नव्हे. ‘तेवढंच’, ‘जरासं’, ‘नावापुरतं’ हे शब्द आजपासून माझ्यासाठी वापरू नकोस. तुझ्या हातचं खायला मला नको आहे असं नाही गं. पण माझं पोट तुझा हात ओळखत नाही, त्याला फक्त गहू ओळखता येतो.

पत्रक वाचलंस का?

को.

(झाकणं सगळी आहेत. मोजून घे.)

*

झ्लातार, २२ ऑक्टोबर

कोसारा,

पत्र मिळालं. झाकणं मिळाली. एक आपलं नाही.

तू मला ‘आजपासून वापरू नकोस’ असं लिहिलंस. मी तुझ्या बापाला आणि तुला, दोघांनाही या हातांनी वाढवलं. तो व्हिएन्नात विटा रचतोय, त्याच्या पोटाला कधी काही झालं नाही. या घरात जेवून कुणी मेलं नाही.

मी शेजारच्या देसांकाला विचारलं. ती म्हणाली, शहरात गेल्यावर पोरींना असंच होतं, हाडं दिसली पाहिजेत असं त्यांना वाटतं. मी म्हटलं, आमची तसली नाही. मग ती म्हणाली, किंवा मग दिवस गेले असतील. मी तिला घराबाहेर काढलं, पण पोरी, तसं काही असेल तर सांग. मी ओरडणार नाही. थोडंसंच ओरडेन.

आणि आणखी एक. रादोये म्हणाला, मागच्या खेपेला पिशवी घ्यायला तू आली नव्हतीस. एक गुबगुबीत मुलगी आली होती आणि तिनं स्टँडवर उभ्या उभ्याच प्रोया खायला सुरुवात केली. मी विचारते, माझी प्रोया खाणारी ही बया कोण?

आता कोंबडीचं सूप पाठवतेय. शेवया घरच्या आहेत, त्यात फक्त अंडं आहे. आणि पीठ, पण शेवयांना ते लागतंच.

स्लावाला, आपल्या घराच्या संताच्या सणाला, दोन महिने राहिले. संत निकोलाच्या दिवशी तुझी खुर्ची माझ्या उजवीकडे, नेहमीसारखी. सगळे येणार आहेत, मिलिसाव काकासुद्धा.

मिलुंका

*

बेलग्रेड, २९ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

दिवस गेलेले नाहीत. हाडं दाखवायची हौस नाही. देसांकाला हे पत्र वाचून दाखव, मोठ्यानं.

गुबगुबीत बया म्हणजे सेंका. आणि आता खरं सांगते, कारण खोटं बोलून मी थकले. वर्षभर तू पाठवलेलं मी जवळजवळ खाल्लंच नाही. पहिल्यांदा खाल्लं, दुखलं. दुसऱ्यांदा खाल्लं, दुखलं. तेव्हा कारण माहीत नव्हतं, एवढंच कळत होतं की घरचं जेवले की मरते. मग सेंकाला देत गेले. सेंका एकटी संपवू शकेना, तेव्हा चौथा मजला जेवायला लागला. तुझ्या चीजवर इथं सात मुली पदवीधर होणार आहेत. आणि मी तुला लिहीत राहिले, ‘फार छान झालं होतं, बोटं चाटली.’ बोटं चाटली होती. सेंकानं.

म्हणूनच मी स्लावाला येणार नाही.

रागानं म्हणत नाही. गेल्या वर्षीचं आठव. दारात पाऊल टाकलं, क्रूसाची खूण केली, तू ताटातलं झितो पुढे केलंस. आपल्या मेलेल्यांसाठी शिजवलेला गहू, त्याचा पहिला चमचा घेतल्याशिवाय घरात कुणी येत नाही. मी घेतला. मग पाद्रीबाबांनी कापलेला पाव, मग पिठात घोळवलेला मासा, मग कांद्यातला घेवडा. परत येताना रादोयेला तीनदा बस थांबवावी लागली. विचार त्याला. त्यानं तुला सांगितलं नाही, कारण मी त्याला शपथ घातली होती.

यंदा मी काय करू? दारातच नाही म्हणू? वीस माणसांसमोर उकडलेला बटाटा घेऊन बसू? मिलिसाव काका म्हणणार, ‘घे गं, एक चमचा, त्यानं काय होतंय!’ मग काकू, मग देसांका, मग परत काका. मी एकवीस वर्षांची आहे, आत्या. एका दिवसात वीसदा माझ्या आतड्यांबद्दल बोलणं मला नाही जमणार. आणि तू त्यांच्या बाजूनं असशील. ते तर मला अजिबातच नाही जमणार.

कृपा करून काही पाठवू नकोस.

कोसारा

*

झ्लातार, १९ नोव्हेंबर

कोसारा,

तू म्हणालीस काही पाठवू नकोस. तीन आठवडे नाही पाठवलं. रादोये दर खेपेला विचारतो, पिशवी कुठंय, आणि मी रिकाम्या हातांनी स्टँडवर उभी राहते. म्हातारी बाई कुणाची तरी वाट बघत असावी असं लोकांना वाटतं.

सोबत पोतं आहे. बटाटे. माती लागलेली आहे, धुतलेसुद्धा नाहीत. शिजवलेले नाहीत, तळलेले नाहीत, फोडणी नाही. आत पीठ असलं तर मी घातलेलं नाही.

मिलुंका

*

बेलग्रेड, २३ नोव्हेंबर

प्रिय आत्या,

बटाटे मिळाले. सेंका पोतं बघून म्हणाली, ‘आत्या रागावली.’ मी म्हटलं, रागावलीच आहे.

मग मी पाच बटाटे सालासकट भाजले, मीठ लावलं आणि पलंगावर बसून खाल्ले. आपल्या वरच्या वावरातल्या मातीचा वास होता त्यांना. आणि काही झालं नाही. एक तास वाट बघितली, दोन तास बघितली. काहीच दुखलं नाही. वर्षभरात घरचं खाऊन माझं काही दुखलं नाही असं पहिल्यांदाच झालं, आणि मग मला इतकं रडू आलं की सेंका परत रुग्णवाहिकेचं विचारायला लागली.

तू रागानं पाठवलंस, मला माहीत आहे. पण याच्याइतकं चांगलं तू आजवर काही पाठवलं नाहीस. बाकीचे चौथ्या मजल्याला देणार नाही.

पोत्याच्या तळाशी तुझं कानाचं यंत्र निघालं. मी पुसून, या बरणीत कापसात घालून पाठवतेय. आता तरी घाल.

स्लावाबद्दल माझं तेच आहे. रागावू नकोस.

कोसारा

*

झ्लातार, ५ डिसेंबर

माझ्या कोसारा,

मी बरी नाही. तूच आता मला अशी सुरुवात करायला शिकवलंस.

मी तुझं पत्रक वाचलं नव्हतं. ‘सवडीनं बघीन’ म्हटलं आणि त्याच दिवशी प्रोयाच्या गरम तव्याखाली घातलं. तू बटाटे खाऊन रडलीस हे वाचलं आणि मला वाटलं, माझ्या घरातली पोर बटाटे खाऊन रडते, म्हणजे मला काहीतरी कळलेलं नाही. मग ते शोधलं. मधोमध गोल डाग पडला होता, पण चित्र शाबूत होतं. तुला आठवतं ते चित्र? लहान मूल आहे. पोट पुढे आलेलं, हातपाय काड्या, तोंड म्हाताऱ्यासारखं.

पोरी, ते मूल मी ओळखते.

तुझ्या बापाच्या आधी आम्हांला एक बहीण होती, ल्युबिंका. तुला फक्त दगडावरचं नाव माहीत आहे. चार वर्षांची होऊन गेली. ‘नाजूक होती’ असंच सगळे म्हणायचे, मीही म्हणत आले. नोवा वारोशहून डॉक्टर एकदा आला होता, म्हणाला, अशक्त आहे, चांगलंचुंगलं खायला घाला. आई मेंढ्यांमागे असायची. मी दहा वर्षांची होते, तेव्हा तिला भरवणं माझं काम होतं. मी पोपारा करायची. गव्हाचा शिळा पाव, गरम दूध, वर काय्माक. दिवसातून तीनदा. जितकी ती वाळत गेली तितका मी काय्माक वाढवला. ती तोंड घट्ट मिटून घ्यायची. मी तिला म्हणायची, ‘एकच चमचा, ल्युबिंका. माझ्यासाठी. एक चमच्यानं काय होतंय?’ आणि ती तोंड उघडायची. दुसऱ्या कुणाचं ऐकायची नाही, माझं ऐकायची.

दवाखान्यातल्या नर्सबाईकडे चालत गेले. तिनं पत्रक वाचलं, मला बसवलं, पाणी दिलं. म्हणाली, साठ वर्षांपूर्वीचं आता कोण सांगणार, तेच असेल असं नाही. म्हणाली, पण हे रक्तात चालत येतं. मला तिनं सांगायची गरज नव्हती. मी तो चमचा धरला होता.

या घरात जेवून कुणी मेलं नाही असं मी तुला लिहिलं होतं. ते वाक्य खोडून टाक.

आणि पुढचं ऐक. दर वर्षी स्लावाला झितो करताना मी मेलेल्यांची नावं घेते. बाबा, आई, आजोबा, ल्युबिंका. तिच्या नावानं साठ वर्षं मी गहू शिजवत आले. लहान होती म्हणून तिच्यासाठी वरून साखर जरा जास्त. गेल्या आठवड्यात गहू निवडायला घेतला आणि माझे हात पुढे जाईनात.

मी पाद्रीबाबांकडे गेले. विचारलं, दुसऱ्या एका वाटीत गव्हाऐवजी तांदूळ शिजवला, अक्रोड आणि साखर घातली, तर संत निकोला रागावतील का? त्यांनी बराच वेळ दाढी खाजवली. म्हणाले, असं कुणी करत नाही. मी जागची उठले नाही. मग म्हणाले, ‘कर, मिलुंका. मी दोन्हींवर पाणी शिंपडीन.’

पीठ सगळं देसांकाकडे नेऊन ठेवलं, स्लावाचा पाव तिथंच भाजीन. ती विचारत होती काय झालं, मी म्हटलं, तुला दिवस गेलेत म्हणून पाठवते. तवा नवा घेतला. जुनी लाकडी पळी चुलीत घातली, तीत किती वर्षांचं पीठ मुरलं असेल देव जाणे. मासा मक्याच्या पिठात घोळवून तळणार. मक्याचं पीठ वेगळ्या जात्यावरचं आहे, मी उभी राहून दळून घेतलं आणि गिरणीवाल्याशी भांडले. घेवडा कांद्याशिवाय करून बघितला. सपक लागतो. पण खाता येतो. स्लावाच्या पावाचा तुकडा पाद्रीबाबांच्या आणि पाहुण्यांच्या ताटात, तुझ्या ताटाजवळ फिरकणार नाही.

तू लिहिलंस, मी त्यांच्या बाजूनं असेन. बरोबर लिहिलंस, मी असतेच. पण आता यंत्र कानात घातलंय. फार खरखरतं, कोंबड्या इतक्या ओरडतात हे मला माहीत नव्हतं. तरी त्या दिवशी काढणार नाही. मिलिसाव ‘एक चमचा’ म्हणाला की मला ऐकू येणार आहे. मग त्याला काय ऐकू येईल ते बघू.

तू आली नाहीस तरी वाटी होणारच आहे. ती तिची आहे. पण ये.

तुझी आत्या

*

बेलग्रेड, ९ डिसेंबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र घेऊन मी डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. त्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाल्या, त्या काळी डॉक्टरांनासुद्धा हे नीट माहीत नव्हतं, डोंगरातल्या दहा वर्षांच्या मुलीला कुठून माहीत असणार? मी वेगळं काय लिहू? तू दहा वर्षांची होतीस, आत्या. दहा. तुझ्याजवळ घरातलं सगळ्यात चांगलं जे होतं ते तू तिला दिलंस. मला इतके दिवस तुझा राग येत होता तो याच गोष्टीचा, आणि आता तो कुठं ठेवू ते कळत नाही.

मी पळीबद्दल वाचून हसले आणि मग पुन्हा रडले. सेंकाला आता सवय झाली आहे. ती विचारते, तिला पण स्लावाला येता येईल का? म्हणाली, मला सगळं चालतं, माझ्यासाठी कुणाला काही सोडावं लागणार नाही. मी हो म्हटलं. काकांच्या शेजारी बसव तिला. त्यांना कुणाला तरी आग्रह करायचाच असतो.

अठरा तारखेच्या बसमध्ये रादोयेनं पुढची सीट ठेवली आहे. म्हणाला, या वेळी कुठंही थांबायला लागणार नाही ना? मी म्हटलं, जाताना नाही, आणि देवानं मनात आणलं तर येतानाही नाही.

या आठवड्यात पिशवी पाठवू नकोस. बरण्या मी स्वतःच घेऊन येतेय, आपल्या नसलेल्या झाकणासकट.

मोठं ताट पाहुण्यांसाठी दारातच असू दे. पण मी क्रूसाची खूण करून उभी राहीन तेव्हा ल्युबिंकाची वाटी तूच माझ्यापुढे धर. आणि तुला जे म्हणायचं असतं ते म्हण, मी यंदा चिडणार नाही.

मी एक चमचा घेईन. काठोकाठ भरून.

तुझी,
कोसारा